शेऱ्याचा रकाना

इवामोतो-सान कुठलंही रीडिंग घेण्याआधी वीस मिनिटं थांबायचे. यंत्र गाडीतून उतरवायचं, जागेवर मांडायचं आणि त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं, जणू यंत्राला कपडे बदलायचे आहेत. कोणी घाई केली तर म्हणायचे, "आत्ताच आलंय ते. अजून गाडीतलंच सांगतंय. त्याला इथलं होऊ द्या."

मला स्वतःला इथलं व्हायचं नव्हतं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी तेवीस वर्षांची होते, हातात फिजिक्सची बीएस्सी होती, आणि दुबईत, अल कुसैसच्या दादा-वहिनींच्या घरात माझी गादी हॉलमध्ये पडायची. दादानेच ओळखीतून नोकरी बघितली. टायरच्या दुकानावर दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. लोकांचे थर्मामीटर, प्रेशर गेज, वजनकाटे तपासायचे आणि 'बरोबर आहे' किंवा 'इतकं चुकतं' असं सर्टिफिकेट द्यायचं. त्यावर सही इवामोतो-सानांची. जपानमधल्या एका लहान शहराच्या विद्यापीठात त्यांनी तीस वर्षं फक्त दवावर काम केलं होतं. पाणी काचेवर कसं बसतं आणि कसं उडून जातं, एवढंच. निवृत्तीनंतर आमच्या मालकाने त्यांना इकडे आणलं, कारण जपानी सही गिऱ्हाइकाला आवडते. पण सहीसाठी आणलेला हा माणूस सही करायलाच सगळ्यात जास्त वेळ लावायचा.

"तीस वर्षं दवावर आणि नोकरी वाळवंटात?" मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं. तेव्हा मला वाटेल ते बोलायची सवय होती.

"म्हणून तर," ते म्हणाले. "इथे पाणी आलं तर कळतं तरी."

ते सावकाश इंग्रजी बोलायचे, त्यात आमच्या ड्रायव्हरकडून उचललेलं हिंदी मिसळायचे. मी इथे त्यांचं बोलणं मराठीत लिहिते आहे. फक्त त्यांचं 'यल्ला', म्हणजे अरबीतलं 'चला', त्यांच्याच आवाजात ऐकायला हवं होतं. अख्खं दुबई ज्या शब्दाने एकमेकांना पुढे ढकलतं, तो शब्द ते इतका हळू उच्चारायचे की समोरचा उलट थांबायचा.

ड्रायव्हर म्हणजे इस्माईलभाई, दापोलीकडचे. वीस वर्षं आखातात काढूनही बोली गावचीच. 'सान' म्हणजे आपल्याकडच्या 'साहेब'सारखंच, हे मी त्यांना समजावलं, तरी ते 'सानसाहेब'च म्हणत राहिले. "दोनदा मान दिला तर काय बिघडतंय गो बाय?"

इवामोतो-सान अंगाने काडी, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेन, टोपीखाली घडी घातलेला ओला रुमाल. डब्यात भात आणि वहिनीने दिलेलं लिंबाचं लोणचं. लोणच्याची फोड भाताच्या बरोबर मधोमध ठेवायचे आणि काठाकडून जेवत जेवत शेवटी तिच्यापर्यंत पोचायचे. वहिनीला याचं फार कौतुक. "आमच्याकडे पहिल्या घासालाच संपवतात मेले," असं ती दादाकडे बघून म्हणायची.

आमच्या रजिस्टरला सहा रकाने होते: तारीख, गिऱ्हाईक, यंत्र, रीडिंग, चूक, शेरा. शेऱ्याचा रकाना सगळीकडे रिकामाच असतो. इवामोतो-सानांच्या पानांवर तो भरलेला असायचा, बारीक उभ्या जपानी अक्षरांत. मला वाटलं, काहीतरी तांत्रिक असेल. महिनाभराने विचारलं तेव्हा कानाच्या पाळ्या लाल करत त्यांनी मला एका शेऱ्याचा अर्थ सांगितला. मी तो असा उतरवून घेतला:

एसीचं पाणी
टपकतं तिथेच
एकच पातं

"हे काय आहे?"

"हायकू."

"कोल्ड स्टोरेजच्या थर्मामीटरशी याचा काय संबंध?"

"त्याला वीस मिनिटं देत होतो. तेव्हा खिडकीतून हे दिसलं. हेही रीडिंगच आहे, कांबळे-सान."

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. इचलकरंजीत वडील दिवसा यंत्रमागावर असायचे आणि संध्याकाळी युनियनच्या छापखान्यात. संपाचं पत्रक गुलाबी, सभेचं पिवळं. 'रक्तपिपासू' हा शब्द मला 'रविवार'च्या आधी लिहिता यायला लागला. जगात एवढं चाललेलं असताना एका शास्त्रज्ञाने गवताचं पातं मोजत बसावं, हे मला सहन होईना. मी कामगारांच्या राहण्याच्या जागांवर एक लेख लिहिला होता. तो इंग्रजीत करून त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, हे वाचा आणि मग पातं बघा.

त्यांनी दोनदा वाचला. मग पेन्सिलीने सात शब्दांखाली रेघा मारल्या. अमानुष, भीषण, निर्दय, असेच सगळे.

"यांचं सर्टिफिकेट कुठे आहे?"

"शब्दांचं कसलं सर्टिफिकेट?"

"हे कोणी तपासले? तुझं 'भीषण' आणि माझं 'भीषण' सारखंच भरतं का? एका खोलीत किती माणसं होती?"

"अकरा."

"लेखात अकरा कुठे आहे?"

लेखात अकरा नव्हते. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तांदळाचं एक खारं बिस्कीट होतं, स्वच्छ कागदात गुंडाळलेलं. खाली काही लिहिलेलं नव्हतं. मी खाल्लं.

हायकूत ऋतूचा शब्द लागतो असं त्यांनी मला सांगितलं होतं. त्यांच्याकडे असे शब्द शेकड्याने होते, पण सगळे बर्फाचे, बेडकांचे, फुलांचे. इकडे त्यांचा उपयोग काय? "इथे दोनच ऋतू," आमचा दादा म्हणाला, "उन्हाळा आणि एसी." इवामोतो-सान जेवायला आले होते त्या दिवशीची ही गोष्ट. ते हसले, पण खिशातून एक छोटी वही काढून त्यांनी ते लिहून घेतलं. त्या वहीत ते इथल्या ऋतूंचे शब्द जमवत होते. बाहेर पाऊल टाकताच चष्मा पांढरा होणं. पहाटेच्या धुक्यात शारजाच्या रस्त्यावर लागलेले दिवे. दादाचा सात वर्षांचा रोहन घरात कोणी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर द्यायचा. तो टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "अंकल, समर इज व्हेन द कोल्ड टॅप इज हॉट."

खरंच होतं ते. जूनपासून गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की आम्ही गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी गार म्हणून वापरायचो. इवामोतो-सानांनी तेही लिहिलं आणि पुढे कंसात नाव टाकलं: रोहन.

एप्रिलमध्ये इस्माईलभाई त्यांना किराणा दुकानात घेऊन गेले. रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या आल्या होत्या. "साठ दिरहम!" एक बाई ओरडत होत्या. "म्हणजे सातशे रुपये! एका पेटीला!" तेवढ्यात दुकानदाराने एक पेटी फोडली आणि गवत बाजूला केलं. दुसऱ्या दिवशी रजिस्टरात, एका वजनकाट्यासमोर, शेरा होता:

पेटी उघडली
दुकानातले सगळे
क्षणभर गप्प

यात दिरहम नव्हते, रुपये नव्हते, गावाची आठवण नव्हती. तरी इस्माईलभाईंना मी तो मराठीत सांगितला तेव्हा त्यांनी खिशातून रुमाल काढला. "धूळ गो," म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात उम्म अल कुवैनचं काम आलं.

तिथे खाडीलगत फायबरग्लासच्या होड्या बनवायची एक शेड होती. होड्यांच्या रंगावर फोड येत होते, म्हणून शेडमधला थर्मामीटर बरोबर आहे का ते बघायला आम्हाला बोलावलं. पत्र्याची लांबलचक शेड. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून दारं बंद, खिडक्या नाहीतच. आत बावीस माणसं. इवामोतो-सान त्यांची वीस मिनिटं मोजत होते तेव्हा मुकादम बलदेव माझ्याजवळ आला.

"मैडम, पिछले अगस्त राजय्या यहीं गिरा था. नाव के अंदर. हमने सोचा, सो रहा है."

"मग?"

"बच गया. गाँव भेज दिया कंपनी ने. अब फिर अगस्त आ रहा है." त्याने हातातला ब्रश बघितला. "इस बार कौन गिरेगा, यही देख रहे हैं एक-दूसरे को."

मॅनेजर रेगे साहेब आपल्याकडचेच, मुंबईचे. कोट, टाय, ऑफिसात एसी. मी राजय्याबद्दल विचारलं तर भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बोट दाखवून म्हणाले, "अडतीस आहे. अडतीस म्हणजे काय गं? नागपूरला यापेक्षा जास्त असतं. लोक लग्नं लावतात त्यात."

थर्मामीटर तपासला. बरोबर होता. अडतीसच.

माझं डोकं फिरलं. इवामोतो-सान बाहेर सामान ठेवत होते तेवढ्यात मी शिडी लावून आमचा थर्मामीटर थेट छपराच्या पत्र्याखाली टांगला. सत्तावन्न! संध्याकाळी घरी बसून हिंदीत पत्रक लिहिलं. 'सत्तावन डिग्री में ज़िंदा जलते मज़दूर.' मथळ्यासाठी वडिलांची सगळी विद्या पणाला लावली. दादाने ते गादीखालून शोधून काढलं.

"अगं, ही इचलकरंजी नाही. इथे असली पत्रकं वाटत नाहीत. तुला विमानात बसवतील, पाठोपाठ मला. आणि त्या बावीस जणांना आपल्या दोघांच्याही आधी!"

"मग त्यांनी मरायचं?"

दादाने पत्रक फाडलं नाही. घडी घालून परत दिलं. सकाळी मी ते घेऊन इवामोतो-सानांसमोर उभी राहिले. म्हटलं, पत्रक राहू द्या, पण सत्तावन्न हा आकडा आपल्या सर्टिफिकेटवर घाला आणि सही करा.

"थर्मामीटर कुठे होता?"

"छपराखाली."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"तिथे कोण काम करतं?"

"कोणी नाही."

"मग हे छपराचं तापमान आहे," ते म्हणाले. "छपराने तक्रार केलेली नाही."

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तुम्ही मालकांचे, तुमची सही विकत आणलेली, असंही बोलले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"रेगे-सानांचं अडतीस अर्धं आहे. तुझं सत्तावन्न चुकीचं आहे. ते उद्या तुझ्या शेजारी आपला थर्मामीटर घेऊन उभे राहतील. मग बावीस माणसं खोटी ठरतील, आणि राजय्या खरोखर झोपला होता असं ठरेल." चष्मा परत लावून ते म्हणाले, "कांबळे-सान, राजय्या पडला तेव्हा त्याच्याभोवती काय होतं?"

"माहीत नाही."

"यल्ला," ते अगदी हळू म्हणाले. "बघून येऊ."

रंगावर फोड का येतात ते शोधायला तीन दिवस लागतील असं त्यांनी रेगे साहेबांना कळवलं. ते खरंच होतं. मग एका फळीवर शेजारी शेजारी दोन थर्मामीटर बसवले. एक कोरडा. दुसऱ्याच्या टोकाला मलमलीची ओली चिंधी. होडीच्या आत, माणूस वाकून ब्रश मारतो त्याच्या छातीच्या उंचीवर त्यांनी ती फळी ठेवली आणि स्वतः उलट्या बादलीवर बसले. सहासष्ट वर्षांचा माणूस. दर अर्ध्या तासाने चिंधी ओली करायची, पुठ्ठ्याने वारा घालायचा, दोन्ही आकडे लिहायचे.

चिंधी कशाला, असं बलदेवने विचारलं. इवामोतो-सानांनी त्याचा हात हातात घेतला, मनगटावर पाण्याचं बोट फिरवलं आणि फुंकर घातली. "गार लागलं?"

"हाँ."

"पाणी उडून जाताना गरमी घेऊन जातं. घामही तसाच. माणूस म्हणजे ओला थर्मामीटर आहे. पण इथली हवा आधीच पाण्याने भरलेली. घाम उडून जाणार कुठे?" त्यांनी ओल्या थर्मामीटरचा आकडा दाखवला. तेहेतीस. "कोरड्याने फोड कळत नाही. माणूसही कळत नाही. नागपूरला अडतीस असेल तेव्हा हा बाविसाच्या आसपास असेल. तिथे चिंधी वाळते. इथे वाळत नाही."

"वही तो!" बलदेव मागे वळून ओरडला. "मैं बोलता था ना, धूप नहीं मारती, पानी मारता है!"

दुसऱ्या दुपारी इवामोतो-सानांचेच ओठ पांढरे पडले. इस्माईलभाई धावले. "सानसाहेब, खलास! बाहर! बाय, धर त्यांना!" आम्ही त्यांना सावलीत बसवलं, मिठाचं पाणी दिलं. दहा मिनिटांनी ते आत गेले आणि रजिस्टरात लिहिलं: निरीक्षक दहा मिनिटं गैरहजर. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता. भयंकर या शब्दाचं सर्टिफिकेट आजही माझ्याकडे नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी रेगे साहेबांना निरोप पाठवला: शेवटचं रीडिंग गिऱ्हाइकाने स्वतः घ्यावं, अशी पद्धत आहे. अशी काही पद्धत नव्हती. आयुष्यात त्यांना एवढी एकच थाप मारताना मी पाहिलं.

रेगे साहेब आले. "हं, कुठे आहे? सांगा लवकर." फळी नुकतीच दुसऱ्या होडीत हलवली होती.

"वीस मिनिटं," इवामोतो-सान म्हणाले आणि यंत्राकडे पाठ करून उभे राहिले. रेगे साहेबही उभे राहिले. दुसरं काय करणार? पाच मिनिटांनी त्यांनी घड्याळ बघितलं. आठ मिनिटांनी टाय सैल केला. मग कोट काढून हातावर घेतला. बावीस जणांचं काम चालू होतं, पण सगळ्यांचे कान इकडे. बाराव्या मिनिटाला रेगे साहेब माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "हे रोजचंच आहे?"

"आज जरा बरं आहे," मी म्हटलं. रजिस्टर बघूनच म्हटलं.

अठराव्या मिनिटाला त्यांनी होडीच्या कडेला हात टेकला. "तो राजय्या... कुठे पडला होता?"

बलदेवने ब्रशने दाखवलं. ते जिथे उभे होते तिथेच, होडी फक्त दुसरी.

वीस मिनिटं झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने दोन आकडे लिहिले. अडतीस. तेहेतीस. शेऱ्याच्या रकान्यात नंतर इवामोतो-सानांनी लिहिलं:

टाय सैल केला
शेडमध्ये आणखी
एक माणूस

अहवाल दोन पानांचा होता. एकही विशेषण नव्हतं. या हवेत रंगाला फोड येतात आणि या हवेत माणूस पडतो, दोन्ही एकाच परिच्छेदात, खाली सही. जुलै संपायच्या आत खाडीच्या बाजूचा पत्रा कापून जाळीच्या खिडक्या बसल्या, मोठे पंखे लागले. दुपारी साडेबारा ते तीन काम बंद झालं.

मी तेव्हाही कुरकुरले. "खिडक्या होड्यांसाठी काढल्या. माणसांसाठी नाही."

"खिडकीला ते माहीत नसतं," इवामोतो-सान म्हणाले. मग थोडं थांबून, "पण रंगाला दुपारची सुट्टी लागत नाही. ती सुट्टी रेगे-सानांनी दिली." शेवटी माझ्याकडे वळून, "आणि राजय्याबद्दल मी विचारलं नव्हतं. तू विचारलंस. तुझा राग बरोबर होता. रीडिंग चुकलं होतं."

माझ्या वडिलांनी छापलेल्या सगळ्या पत्रकांत कुठेही हे वाक्य नाही. असतं तर काही संप आम्ही जिंकलो असतो, असं मला वाटतं. मी लिहिणं सोडलं नाही, राग तर नाहीच. फक्त आता आधी अकरा लिहिते.

ऑगस्ट आला आणि गेला. कोणी पडलं नाही. पुढच्या ऑगस्टलाही नाही.

नवं शतक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली आणि इवामोतो-सानांचा करार संपला. शेवटच्या दिवशी विमान संध्याकाळचं होतं. सकाळी ते म्हणाले, उम्म अल कुवैनला जायचंय. इस्माईलभाईंनी कपाळाला हात लावला. "विमानतळ हिकडे, हे चालले तिकडे."

ती दोन थर्मामीटरांची फळी त्यांनी शेडमध्येच ठेवली होती. बलदेवने एक वही सुरू केली होती आणि रोज कोणीतरी आकडे लिहायचं. वहीला सहा रकाने होते. शेवटच्या रकान्यात हिंदी, तेलुगू, मल्याळम, बंगाली, ज्याची पाळी असेल त्याची लिपी. हे करा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, रजिस्टर असंच भरायचं असतं. इवामोतो-सानांनी एकेकाला वाचून दाखवायला लावलं. 'खाडी से हवा आई, काग़ज़ उड़ा.' 'घर की चिट्ठी, दो लाइन.' एका पानावर तेलुगू होतं, ते बलदेवला पाठच होतं: 'राजय्या का फ़ोन. बेटी हुई.'

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग फळीकडे जाऊन, सवयीने, आकडा बघायला वाकले. बलदेवने मधे हात आडवा घातला.

"बीस मिनट, सान. आप अभी गाड़ी से उतरे हो."

शेडमध्ये हशा पिकला. इवामोतो-सान सरळ झाले. त्यांनी बलदेवला कमरेतून वाकून नमस्कार केला, बादली उलटी केली आणि थर्मामीटरकडे पाठ करून, खाडीच्या खिडकीकडे तोंड करून बसले. हात गुडघ्यांवर.

बाहेरून हॉर्न वाजला. "सानसाहेब! फ्लाइट!" मी दारात उभी होते. त्यांनी मागे न बघता एक हात वर केला.

"यल्ला," ते म्हणाले, इतकं हळू की इस्माईलभाईंनी गाडी बंद केली.